कुरडईतल्या हवेचा हिशेब

ऑनलाइन धंदा कसा वाढवावा याचा सल्ला देणं हा सध्याचा सगळ्यांत किफायतशीर ऑनलाइन धंदा आहे. त्यात माल लागत नाही, खोका लागत नाही, चिकटपट्टी लागत नाही आणि आठ दिवसांनी परत आलेलं पार्सल कानाशी हलवून आत काय वाजतंय ते ऐकावं लागत नाही. मोबाइल स्टँडवर लावायचा, पाठीमागे प्लास्टिकचं झाड ठेवायचं आणि 'विक्री दुप्पट करण्याचे सात मंत्र' सांगायला बसायचं. हे मंत्र ऐकणारा देशात कुठेही असू शकतो. आपल्या सोयीसाठी तो छत्तीसगडात, भिलाईच्या जुनवानी भागात राहतो असं धरू. आणि तो 'तो' नसून 'ती' आहे असंही धरू. कारण पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या मराठी घरात गृहोद्योगाची कल्पना काकांना सुचते आणि पापड काकूंना लाटावे लागतात. या काकू काल्पनिक आहेत. त्यांचा तोटा मात्र इतका सार्वत्रिक आहे की त्याला नाव-पत्ता देण्याची गरज नाही.

पापडाच्या धंद्याला जुनवानी वाईट जागा नाही. एके काळचं हे गाव आता दुर्ग-भिलाईच्या वाढत्या पोटात गेलंय. श्रीशंकराचार्यांच्या नावाची अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं, त्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या भाड्याच्या खोल्या, सूर्या मॉल, आणि या सगळ्यांवर निःपक्षपातीपणे तळपणारं एप्रिल-मेचं ऊन. त्या उन्हात गच्चीवर घातलेलं वाळवण बघता बघता खडखडीत होतं. शेजारच्या छत्तीसगडी घराच्या गच्चीवर रखिया बडी आणि बिजौरी वाळत असते. त्यातली रखिया बडी आपल्या कोहळ्याच्या सांडग्यांची सख्खी बहीण. मराठी माणूसही इथे नवखा नाही. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत १७४१ साली रतनपूरवर चालून आले, आणि १८५४ पर्यंत या मुलखावर नागपूरचा अंमल या ना त्या रूपात राहिला. पुढे १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून पोलाद कारखाना उभा राहिला तेव्हा आलेली मंडळी तलवारीऐवजी डिप्लोमा घेऊन आली, एवढाच फरक. थोडक्यात, ऊन आहे, हात आहे, चव आहे, खाणारे आहेत. तरीही मार्चअखेर काकूंच्या खात्यात काही उरत नाही. त्याचं कारण सात मंत्रांच्या मुळाशीच आहे. विक्री वाढली की नफा आपोआप वाढतो, असं तिथे गृहीत धरलंय. धंद्यात आपोआप वाढणारी गोष्ट एकच, ती म्हणजे खर्च.

ही गफलत निदान भिलाईत तरी होऊ नये. इथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि तेव्हापासून या गावातल्या पिढ्यांनी वरणभातासोबत उत्पादनाचे आकडे गिळले आहेत. पोलादाच्या धंद्यात मोजण्याचे आकडे तीन : हॉट मेटल, क्रूड स्टील आणि सेलेबल स्टील. भट्टीतून लोखंडाचा रस किती आला, त्याचं पोलाद किती झालं आणि शेवटी विकण्याजोगं किती हाती लागलं. पहिला आकडा दिसायला सगळ्यांत भरघोस असतो, म्हणून कुणी लोखंडाचा रस रेल्वेला रूळ म्हणून पाठवून दिल्याचं ऐकिवात नाही. ऑनलाइन पापडाचेही असेच तीन आकडे आहेत. मोबाइलवर आलेली ऑर्डर हा रस. कुरिअरच्या पोऱ्याने उचलून नेलेलं पार्सल हे कच्चं पोलाद. पोचलेलं, पैसे मिळालेलं आणि परत न आलेलं पार्सल हेच काय ते विकण्याजोगं. नोकरीत असताना काकांनी या तीन आकड्यांची कधी गल्लत केली नसती. आता मात्र ऑर्डरीची 'टिंग' वाजली की ते पिशवी घेऊन पेढे आणायला निघतात.

प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. आकडे धरलेले आहेत. ज्यांचा धंदा आहे त्यांनी आपापले घालावेत, उत्तर फारसं आनंदाचं येणार नाही. अर्धा किलो उडदाच्या पापडाचं पाकीट २५० रुपयांना विकलं. डाळ, पापडखार, हिंग, मिरी आणि लाटायला येणाऱ्या बाईंची मजुरी मिळून १४० रुपये, खोका, पिशवी, चिकटपट्टी १५, कुरिअर ६०. उरले ३५. काकू म्हणतील, पस्तीस तर पस्तीस, शंभर पाकिटांचे साडेतीन हजार होतील. होतील, जर शंभरच्या शंभर गिऱ्हाइकांनी दार उघडलं तर. पैसे माल हातात पडल्यावर द्यायचे असले की काही गिऱ्हाइकांना दारात डिलिव्हरीवाला उभा असतानाच आठवतं की आपण पथ्यावर आहोत. पार्सल परत निघतं. त्यात जातानाचे ६०, येतानाचे समजा ५० आणि खोक्याचे १५, असे १२५ रुपये बुडतात. आता दहा ऑर्डरींतल्या दोन परत आल्या असं धरा. आठ पाकिटांनी कमावले २८०, दोघांनी खाल्ले २५०, उरले ३० रुपये. तेही पापड अखंड परत आले तर! पापड हा पदार्थ एका प्रवासासाठी घडवलेला आहे. जाऊन येऊन तो चुऱ्याच्या रूपातच माहेरी पोचतो. तसं झालं तर दोन पाकिटांचे आणखी २८० गेले, आणि दहा ऑर्डरींचा निव्वळ तोटा २५० रुपये. या अवस्थेत सल्लागार सांगतो, ऑर्डरी दहाच्या हजार करा. काकू हिशेबात हुशार असतील तर त्यांना लगेच कळेल की हजार ऑर्डरींवर पंचवीस हजार घालवण्यापेक्षा थोडेसेच पापड लाटून ते शेजारी वाटून टाकणं स्वस्त पडेल, आणि शेजारणी दुवा देतील ते वेगळंच.

उपाय उघड आहे, पैसे आधी घ्यावेत. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पैसे हातात माल पडल्यावरच, ही सोय काढून टाकली तर भारतात कुणी ऑर्डरच देणार नाही. फ्लिपकार्टने २०१० साली ती सुरू केली म्हणूनच आपला देश ऑनलाइन खरेदीला लागला, असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण ही काही नवलाईची युक्ती नव्हे. आपल्या टपाल खात्याने व्ही.पी. पद्धत १८७७ साली आणली, ती हीच. पोस्टमन पार्सल घेऊन येणार, पैसे मोजले तर ते देणार, नाहीतर परत नेणार. व्ही.पी. परत करणारे सज्जन तेव्हाही होतेच, म्हणून जुन्या मासिकांच्या जाहिरातींत मराठी विक्रेता दोन गोष्टी न लाजता छापायचा : 'आगाऊ रक्कम पाठवावी' आणि 'ट. ख. निराळा'. त्या पाच अक्षरांत आजच्या अर्ध्या व्यवस्थापनशास्त्राचं सार आहे. टपालखर्च हा खर्च आहे, तो कुणाला तरी भरावा लागतो आणि तो 'कुणीतरी' आपण नाही, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं. आता 'फ्री डिलिव्हरी' लिहिलं नाही तर अपमान केल्यासारखं वाटतं. फ्लिपकार्टने ती सोय आणली तेव्हा दूरच्या अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याचा सोपा रस्ता नव्हता. २०१६ साली यूपीआय आलं आणि आता चहाच्या टपरीवरही दहा रुपये मोबाइलने जातात. त्यामुळे काकूंनी सगळे पैसे आधी मागण्याची गरज नाही. पन्नास रुपये आगाऊ मागावेत. जो पन्नास रुपये द्यायला कां-कूं करतो तो पार्सल घ्यायलाही करणारच होता. फक्त ते आठ दिवस आधी आणि फुकटात कळलं. साड्या-कपड्यांच्या धंद्यात हे कदाचित चालणार नाही, तिथे रंग बघितल्याशिवाय पैसे निघत नाहीत. पण पापडाचा रंग सगळ्यांना माहीत आहे.

आता कुरडईकडे वळू, कारण खरा अभ्यासाचा विषय तोच आहे. कुरिअरवाले वजनावर पैसे घेतात असं काकूंना वाटतं. ते वजनावरही घेतात आणि आकारावरही, आणि दोन्हींपैकी जे जास्त भरेल त्यावर घेतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं; येईल ते किलो. पापड या हिशेबात आदर्श नागरिक आहे. चपटा, एकावर एक गपगुमान बसणारा; त्याचं अर्धा किलोचं पाकीट अर्धा किलोच भरतं. कुरडई म्हणजे गव्हाच्या चिकाने बांधलेली हवा. तीस बाय पंचवीस बाय वीसच्या खोक्यात दाबून न मोडता किलोभर कुरडया बसवल्या तरी कुरिअरच्या कागदावर वजन पडतं तीन किलो. उरलेले दोन किलो म्हणजे जुनवानीची हवा. ती शुद्ध असती तर निदान दिल्लीत विकता आली असती, पण पोलादनगरीच्या हवेला तशी मागणी नाही. सात मंत्रांत या भागाकाराचा उल्लेख नसतो. तिथे 'तुमचं सर्वोत्तम उत्पादन पुढे करा' असं सांगतात, आणि काकूंची सर्वोत्तम कृती कुरडईच असते, म्हणून त्या ती बंगळुरूला पाठवतात आणि हवेचं भाडं भरतात. जी वस्तू उत्तम जमते आणि जी वस्तू पाठवून पैसे उरतात, त्या दोन वेगळ्या असू शकतात. कुरडईने जुनवानीहून स्मृतीनगरापर्यंत जावं, फार तर दुर्गपर्यंत, काकांच्या स्कूटरवरून. लांबचा प्रवास पापडाला, सांडगी मिरचीला आणि मसाल्याला द्यावा.

खोक्याच्याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते, आणि ती पहिल्यापेक्षा मोलाची आहे. अर्धा किलोची चार पार्सलं चार घरी गेली तर प्रत्येकी ३५ प्रमाणे १४० रुपये उरतात. तोच दोन किलो माल एका घरी एका खोक्यातून गेला तर हजार रुपयांतून मालाचे ५६०, जाड खोक्याचे ३० आणि कुरिअरचे समजा १४० वजा जाऊन २७० उरतात. पापड तेवढेच, डाळ तेवढीच, लाटणाऱ्या बाईंचे खांदे तेवढेच दुखले. फक्त खोके तीन कमी झाले. मोबाइलच्या पडद्यावर मात्र चाराच्या जागी एकच ऑर्डर दिसते, म्हणून हा धंदा घसरल्यासारखा भासतो. ऑर्डरींच्या संख्येची हौस ज्यांना सोडवत नाही त्यांनी चार पार्सलं पाठवावीत. कुरिअर कंपनी त्यांची आभारी राहील. बाकीच्यांनी पाकिटं एकेक विकणं बंद करून 'वर्षाचं वाळवण' म्हणून एकच भरगच्च खोका विकावा. मराठी घरात वाळवण वर्षाचंच घेतलं जातं. पाव किलो पापड मागवणारं गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नसून परीक्षक असतं.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर दुकान लावलं तर हा सगळा त्रास वाचतो, असा एक समज आहे. तिथे इतिहासाची आठवण कामी येते. मराठे ज्या मुलखात जात तिथे चौथ मागत, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर सरदेशमुखीचे शेकडा दहा. काळाने मोठा न्याय केला. त्याच मराठ्यांच्या वंशजांकडून आता त्याच मुलखात अशीच वसुली होते. कमिशन, ठरावीक फी, वाहतूक अशा नावांनी चौथ, आणि आपलाच पापड यादीत वर दिसावा म्हणून भरलेली जाहिरात ही सरदेशमुखी. कुणी म्हणेल, मीशोने २०२१ मध्ये कमिशनच काढून टाकलं, आणि ॲमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरची तशी फी शून्य केली. खरं आहे. कमिशन शून्य होतं. वाहतूक, परतीचा खर्च आणि जाहिरात शून्य होत नाही. शिवाय चौथ भरली की निदान त्या वर्षी घोडी शेतात शिरत नसत. इथे चौथ भरूनही आपल्या पापडाच्या खाली, त्याच पानावर, 'असेच आणखी काही' म्हणून दहा रुपयांनी स्वस्त पापड झळकतात. बाजारपेठेचा उपयोग आहे, नाही असं नाही. अनोळखी माणसाला आपण आहोत हे तिथे कळतं. त्याने एकदा मागवलं की पुढच्या वेळी त्याने सरळ आपल्याकडे यावं एवढी सोय बघावी, आणि तिथल्या विक्रीला नफा न समजता जाहिरातीचा खर्च समजावं.

कराचंही एक गमतीचं प्रकरण आहे. पापडावर जीएसटी नाही. २०२१च्या ऑगस्टात एका नामवंत उद्योगपतीने जाहीर शंका काढली होती की गोल पापड करमुक्त आणि चौकोनी पापड करपात्र, हा काय न्याय? तेव्हा अप्रत्यक्ष करांच्या केंद्रीय मंडळाला खुलासा करावा लागला की पापड कुठल्याही नावाचा असो, करमुक्तच आहे आणि त्याचा आकार पाहिला जात नाही. लाटताना ज्यांचे पापड नकाशासारखे होतात त्यांना तेव्हा केवढा दिलासा मिळाला असेल! पण काकूंनी पापडाशेजारी लोणच्याची बरणी ठेवली की चित्र पालटतं. लोणचं करपात्र, आणि करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही चिमुकली असली तरी नोंदणी हवी. १ ऑक्टोबर २०२३ पासून बिननोंदणीच्या छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन बाजारपेठेवर जागा मिळते खरी, पण आपल्याच राज्यापुरती. त्यामुळे जुनवानीचं लोणचं दूर अंबिकापूरला जाऊ शकतं आणि जवळच्या गोंदियाला जाऊ शकत नाही, कारण मध्ये महाराष्ट्राची हद्द लागते. छोट्या धंद्यात दहा-बारा प्रकारचा माल ठेवण्याआधी या एका बरणीमागे किती कागद, किती विवरणपत्रं आणि सीएची किती फी येते, तेही त्या बरणीच्या किमतीत धरायला हवं. नाहीतर बरणी विकली जाते आणि कागद घरात राहतात.

दुसरा मोठा मंत्र सवलतीचा. दिवाळीला दहा टक्के, संक्रांतीला दहा टक्के, आणि गुढीपाडव्याला नवीन वर्ष म्हणून पुन्हा दहा टक्के. समजा शंभराच्या विक्रीत तीस उरतात. दहा टक्के सूट दिली की उरले वीस. म्हणजे आधीइतकाच नफा मिळवायला विक्री दीडपट करावी लागेल. दीडपट डाळ, दीडपट लाटणं, दीडपट खोके, आणि हे सगळं करून पोचायचं कुठे, तर जिथे होतो तिथेच. उलट दर दहा टक्क्यांनी वाढवला तर उरतात चाळीस, आणि चारातलं एक गिऱ्हाईक रागावून गेलं तरी नफा तेवढाच राहतो. शिवाय काकूंना दुपारी झोपायला मिळतं, ज्याची किंमत कुठल्याही ताळेबंदात येत नाही पण घरातल्या शांततेवर लगेच दिसते. 'दर वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल' हा आक्षेप ज्या मालाला तोड आहे तिथे बरोबर आहे. मोबाइलचं कव्हर विकणाऱ्याने दर वाढवून बघू नये. पण भिलाईच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या आणि आता हिंजवडीत किंवा हैदराबादेत संगणकासमोर बसलेल्या मुलाला मराठी पापड आणि बिजौरी एकाच खोक्यातून कोण पाठवणार आहे? ही मुलं जगभर पांगलीत, चांगलं कमावतात आणि पंचवीस रुपये जास्त पडले म्हणून लहानपणीची चव सोडत नाहीत. त्यांना शोधायला जाहिरात लागत नाही. त्यांच्या शाळेच्या तुकडीचा, सेक्टरचा, सोसायटीचा व्हॉट्सॲप गट आहे आणि त्या गटात रोज सकाळी फुलांची चित्रं टाकणारे काका आहेत. फुलांऐवजी त्यांनी वर्षातून दोनदा पापडाचं दरपत्रक टाकलं तर गटाचीही सोय होईल.

इथे मोठा आणि गंभीर आक्षेप येतो. असा जपून जपून धंदा केला तर तो मोठा कधी होणार? आधी पसरायचं, नफा मागाहून, हाच आजचा मार्ग नाही का? ॲमेझॉन १९९४ साली सुरू झाली आणि तिने पूर्ण वर्षाचा पहिला नफा दाखवला तो २००३ मध्ये. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये शेअर बाजारात आली आणि एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत तिने पहिल्यांदा नफा दाखवला, दोन कोटींचा. हे सगळं सत्य आहे. पण या कंपन्यांचा तोटा भरायला दुसऱ्यांचे पैसे होते. काकूंचा गुंतवणूकदार एकच, काकांचा भविष्यनिर्वाह निधी, आणि तो एकदाच येतो. नऊ वर्षं तोटा सोसायला काकूंना आधी नऊ वर्षं वयाने लहान व्हावं लागेल. पापडापुरतं बोलायचं तर मोठं होण्याचा दुसरा रस्ता पुराव्यासकट उपलब्ध आहे. भिलाईची भट्टी पेटली त्याच वर्षी, १५ मार्च १९५९ला, मुंबईत गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये कर्जाऊ घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तीच पुढे लिज्जत. त्या सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगली आणि एक स्वस्तातली. त्यांना पैसे देणारे छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी दोन गोष्टी बजावल्या : प्रत उतरवायची नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. ऑर्डरी वाढवा, असं ते म्हणाल्याची नोंद नाही. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तुटलेले पापड त्यांनी शेजाऱ्यांत वाटले, गिऱ्हाइकाला पाठवले नाहीत. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद राहिलं, तर दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. इतक्या मोठ्या उद्योगाची पहिली यंत्रसामग्री ही. आज पहिल्याच महिन्यात लोगो, ॲप आणि ड्रोनने काढलेली रील करणाऱ्यांनी त्या खाटेचा फोटो दुकानात लावावा. लिज्जत मोठी झाली हे खरंच, पण आधी पाकिटामागे पैसे उरायला लागले आणि मग पाकिटं वाढली. क्रम उलटा केला तर काय होतं ते वरच्या दहा ऑर्डरींच्या हिशेबात आहे.

आता एक खर्च राहिला, जो आतापर्यंत आपणही वहीत धरला नाही. लाटणाऱ्या बाईंची मजुरी धरली. काकूंची धरली नाही. काकू पहाटे उठून डाळीचं पीठ भिजवतात, गच्चीवर माकडांना हाकलतात, रात्री पाकिटं मोजतात, गिऱ्हाइकांच्या 'ताई, हिंग जास्त झालाय' अशा संदेशांना हसरे चेहरे पाठवतात. काका खोके बांधतात, पत्ते लिहितात, कुरिअरच्या कार्यालयात रांगेत उभे राहतात. या सगळ्याचे पैसे शून्य, कारण 'घरचंच तर आहे'. बहुतेक छोटे ऑनलाइन धंदे नफ्यात दिसतात ते याच वाक्यावर. दोघांच्या कामाला साधी मजुरी लावली की पाकिटामागचे पस्तीस रुपये कुठल्या कुठे जातात आणि कळतं की गिऱ्हाइकाला पापड स्वस्तात मिळत होते, कारण त्यातला काही भाग काकूंच्या कंबरदुखीने भरला होता. म्हणून काकूंनी पहिल्या तारखेला स्वतःला पगार काढावा, अगदी थोडा असला तरी काढावा, आणि त्यानंतर जे उरेल त्याला नफा म्हणावं. काहीच उरलं नाही तर दर वाढवावा. दर वाढवला की सर्वांत मोठ्याने ओरडणार ते पुण्याचे किंवा बंगळुरूचे गिऱ्हाईक नव्हेत. ते बिचारे मुकाट्याने क्यूआर कोड स्कॅन करतात. ओरडणार नातेवाईक. त्यांना पापड 'घरच्या भावात' हवे असतात, कुरिअर नको असतं म्हणून ते कुणाच्या तरी हातून मागवतात, डबा परत करत नाहीत आणि पैसे 'भेटल्यावर' देतात. त्यांना तोडता येत नाही आणि आगाऊ पैसेही मागता येत नाहीत, हे मान्य. पण त्यांच्यासाठी दरपत्रक वेगळं ठेवावं, बाजारभावापेक्षा दहा टक्के चढं, कारण वसुलीचा आणि हरवलेल्या डब्यांचा खर्च त्यातच काढावा लागतो.